केशरी गड्ड्याची कुळकथा

फुलकोबी म्हटली, की पांढराशुभ्र, घट्ट गड्डा डोळ्यांपुढे उभा राहतो. बाजारात जिला लोक फ्लॉवर म्हणतात, तीच ही भाजी. गड्ड्यावर थोडी जरी पिवळसर झाक दिसली, तरी गिऱ्हाईक तो हातात घेऊन न्याहाळते आणि मुकाट्याने परत ठेवून देते. पिवळा गड्डा म्हणजे शिळा गड्डा, अशी सर्वांची समजूत असते. शेतकऱ्यासही हे पक्के ठाऊक असते. म्हणून गड्डा धरू लागला, की तो बाहेरची मोठी पाने वर ओढून त्यांची टोके एकत्र बांधतो आणि गड्ड्यास उन्हापासून झाकून ठेवतो. पांढऱ्या रंगासाठी एवढी काळजी घेतली जाते, त्या भाजीच्या कुळात एकदा एक केशरी गड्डा जन्मास आला. ज्या रंगामुळे तो टाकाऊ ठरावयाचा, त्याच रंगामुळे तो मोलाचा ठरला. त्याची ही कथा आहे.

कॅनडा देशात टोरांटो शहराच्या उत्तरेस ब्रॅडफर्ड मार्श नावाचा सुपीक, पाणथळ भूभाग आहे. तेथील काळ्याभोर जमिनीत भाजीपाल्याचे पीक उत्तम येते. १९७० साली तेथील एका शेतात पांढऱ्या फुलकोबीच्या पिकामध्ये एक झाड निराळेच दिसले. त्याची पाने इतर झाडांसारखीच हिरवी होती. पण पानांच्या मध्ये जो गड्डा धरला होता, त्याचा रंग चक्क केशरी होता. गड्डा इतरांपेक्षा लहान होता आणि चवीलाही तो फारसा चांगला नव्हता. बाजारात त्याला कोणी विचारले नसते. परंतु हे झाड उपटून उकिरड्यावर फेकले गेले नाही. ते जतन केले गेले आणि वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या लोकांच्या हाती पोहोचले. १९७५ साली या विलक्षण बदलाची शास्त्रीय नोंदही प्रसिद्ध झाली.

एका झाडाच्या रंगाचे शास्त्रज्ञांना एवढे अप्रूप का वाटावे? याचे उत्तर समजण्यासाठी भाज्यांच्या रंगांविषयी थोडे जाणून घेतले पाहिजे.

भाज्यांचे आणि फळांचे रंग केवळ शोभेसाठी नसतात. प्रत्येक रंगामागे काही ना काही द्रव्य असते. पालकाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन नावाच्या द्रव्याचा. वांग्याच्या आणि जांभळाच्या सालीचा जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा. गाजर, पिकलेला आंबा, पिकलेली पपई आणि तांबडा भोपळा यांच्या केशरी रंगास मुख्यतः कॅरोटीन वर्गातील द्रव्ये कारण असतात. त्यांपैकी बीटा कॅरोटीन हे द्रव्य माणसाच्या फार उपयोगाचे आहे. कारण ते पोटात गेल्यावर शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते.

'अ' जीवनसत्त्वावाचून डोळ्यांचे काम नीट चालत नाही. ते कमी पडले, की प्रथम अंधुक प्रकाशात दिसेनासे होते. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी लहान मूल ठेचकाळू लागते, समोर ठेवलेली वाटी त्यास सापडत नाही. यालाच रातांधळेपणा म्हणतात. वेळीच उपाय न झाल्यास डोळे कोरडे पडतात, बुबुळावर व्रण होतात आणि दृष्टी कायमची जाते. या जीवनसत्त्वाच्या अभावी शरीराची रोगांशी झुंजण्याची शक्तीही कमी होते. जगातील अडीच ते पाच लाख मुले दरवर्षी या एका उणिवेमुळे आंधळी होतात आणि त्यांतील निम्मी वर्षभरातच दगावतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने केला होता. आपल्या देशातही या उणिवेने पुष्कळ बालकांचे डोळे हिरावून घेतले. १९७० साली, म्हणजे ज्या वर्षी कॅनडात केशरी गड्डा सापडला त्याच वर्षी, भारत सरकारने लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना सुरू केली.

पांढऱ्या फुलकोबीत बीटा कॅरोटीन जवळजवळ नसतेच. ब्रॅडफर्ड मार्शच्या त्या गड्ड्यात मात्र ते भरपूर होते. त्याचा केशरी रंग त्याच द्रव्याचा होता. लाखो लोक रोजच्या जेवणात जी भाजी खातात, तिच्यातच हे द्रव्य आणता आले तर किती बरे होईल, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात येणे स्वाभाविक होते. परंतु विचार सुचणे सोपे आणि तो तडीस नेणे अवघड असते. गड्डा लहान, चव बेताची आणि झाड अशक्त. असे वाण कोणता शेतकरी लावील? केशरी रंग तेवढा घ्यावयाचा आणि त्या झाडाचे अवगुण मागे ठेवावयाचे, असे हे काम होते.

हे काम कसे करतात, याची गुरुकिल्ली जगाला एका मठवासी साधूने दिली. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो या गावातील मठाच्या बागेत त्याने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याची झाडे लावली, त्यांचे परस्परांशी संकर केले आणि त्यांची संतती मोजली. त्याने सुमारे २८,००० झाडे तपासली. १८६६ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे सार असे होते : प्रत्येक गुण कसल्यातरी घटकामुळे येतो, असे घटक प्रत्येक जीवात जोडीने असतात आणि त्या जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून मिळतो. या घटकांनाच पुढे जनुके असे नाव मिळाले. जनुके पेशीतील गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात आणि गुणसूत्रे डीएनए नावाच्या अतिसूक्ष्म, लांब धाग्याची बनलेली असतात, हेही नंतरच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जिनीव्हा नावाचे गाव आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र तेथे आहे. तेथील मायकेल डिक्सन यांनी केशरी फुलकोबीचा संकर उत्तम पांढऱ्या वाणांशी करण्यास प्रारंभ केला. हे काम अत्यंत नाजूक असते. कळी उमलण्यापूर्वीच ती चिमट्याने अलगद उघडून तिच्यातील पुंकेसर काढून टाकावे लागतात. मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिच्या कुक्षीवर लावावे लागतात आणि मधमाशीने भलतेच पराग आणून टाकू नयेत म्हणून फुलांवर कागदी पिशवी चढवावी लागते. शेंगा वाळल्या, की बी काढून पुढच्या हंगामात पेरावयाचे. त्यातून उगवलेल्या झाडांमधून चांगली झाडे निवडावयाची आणि त्यांचा पुन्हा पांढऱ्या वाणाशी संकर करावयाचा. अशा रीतीने कित्येक वर्षे खपल्यावर १९८८ साली डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केशरी फुलकोबीची तीन वाणे इतर संशोधकांच्या उपयोगासाठी जाहीर केली.

या प्रयोगांत एक गोष्ट ध्यानात आली. केशरी रंगाचे जनुक झाडाला आईबापांपैकी एकाकडूनच मिळाले, तर गड्डा चांगला मोठा आणि तेजस्वी केशरी होई. परंतु ते दोघांकडूनही मिळाले, तर रंग अधिक गडद येई खरा, पण झाडाची वाढ खुंटे आणि गड्डा लहानच राही. पहिल्या केशरी झाडाचा गड्डा लहान का होता, यावर या गोष्टीने प्रकाश पडला. इंग्रजीत नारिंगी रंगास ऑरेंज म्हणतात. त्या शब्दाची पहिली दोन अक्षरे घेऊन शास्त्रज्ञांनी या जनुकाचे नाव 'ऑर' असे ठेवले.

हे 'ऑर' जनुक नेमके करते तरी काय? त्याचा शोध कॉर्नेल विद्यापीठातच ली ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. फुलकोबीच्या गुणसूत्रांवरून त्या जनुकाची जागा हुडकणे म्हणजे मोठ्या मुलखात एका घराचा पत्ता शोधण्यासारखे होते. प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग आळी आणि शेवटी घर, अशा क्रमाने ते जवळ जवळ जात राहिले. २००६ साली घर सापडले आणि 'ऑर' जनुकाचे स्वरूप जगापुढे आले.

तेव्हा एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. सजीवांच्या डीएनएमध्ये काही तुकडे असे असतात, की ते एका जागी स्वस्थ बसत नाहीत. आपली नक्कल करून किंवा स्वतःच उडी मारून ते दुसऱ्या जागी जाऊन बसतात. अशा तुकड्यांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीने मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांचा अभ्यास करून लावला होता. प्रारंभी तिच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परंतु १९८३ साली त्याच शोधासाठी तिला नोबेल पारितोषिक मिळाले. असाच एक तुकडा फुलकोबीच्या एका जनुकात जाऊन घुसला होता आणि त्या जनुकाचे काम त्याने बदलून टाकले होते. हा बदल कोणी माणसाने केलेला नव्हता. तो निसर्गातच आपोआप घडला होता.

आणखीही एक नवल होते. शास्त्रज्ञांची अपेक्षा अशी होती, की केशरी गड्डा पांढऱ्यापेक्षा कॅरोटीन अधिक जोमाने तयार करीत असेल. परंतु कॅरोटीन तयार करणारी जनुके दोन्ही गड्ड्यांत सारखेच काम करीत होती. फरक होता तो साठवणीचा. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी धान्य तर येते, पण ते ठेवण्यास कणगीच नाही. मग ते धान्य टिकावे कसे? पांढऱ्या गड्ड्याची स्थिती अशीच असते. 'ऑर' जनुकाने गड्ड्याच्या पेशींत जणू कणग्या बांधून दिल्या. पेशीतील रंगहीन कणांचे रूपांतर रंगकणांत झाले आणि त्यांत बीटा कॅरोटीन साठून राहू लागले. तोच गड्ड्याचा केशरी रंग होय.

आता ही कथा भारताकडे वळते. फुलकोबी ही मूळची आपली भाजी नव्हे. १८२२ साली इंग्लंडहून तिचे बी आणून सहारनपूरच्या बागेत ते प्रथम लावण्यात आले. थंड देशातील ही भाजी आपल्या उष्ण हवेत सहजी रुळली नाही. परंतु उन्हातही ज्या झाडांनी गड्डा धरला, त्यांचेच बी शेतकरी वर्षानुवर्षे राखीत गेले आणि त्यातून हळूहळू भारतीय फुलकोबीचे निराळे कूळ तयार झाले. परदेशी केशरी वाणाचे बी आणून ते येथे नुसते पेरले, तर ते येथील हवेत नीट येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून केशरी रंगाचे जनुक भारतीय फुलकोबीत आणणे हाच मार्ग होता.

हे काम नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने हाती घेतले. ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा या गावी स्थापन झाली होती. १९३४ च्या भूकंपात तिच्या इमारतीची मोठी हानी झाली आणि १९३६ साली ती दिल्लीस आली. पण जुन्या गावाचे नाव तिने सोडले नाही. तिच्या वाणांच्या नावाआधी आजही 'पूसा' हा शब्द लावतात, तो याचमुळे. तेथील भाजीपाला विभागात प्रीतम कालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑर' जनुक भारतीय फुलकोबीत आणण्यास सुरुवात केली.

केशरी आणि पांढऱ्या झाडांचा पहिला संकर झाला, म्हणजे संततीत दोघांचे गुण निम्मेनिम्मे येतात. म्हणून त्या संततीचा पुन्हा भारतीय पांढऱ्या वाणाशीच संकर करतात. आता भारतीय वाणाचा वाटा सरासरीने तीनचतुर्थांश होतो. पुन्हा तसेच केले, की तो सातअष्टमांश होतो. नंतर सोळापैकी पंधरा भाग, मग बत्तीसपैकी एकतीस भाग. दर पिढीस परक्या वाणाचा वाटा निम्म्याने घटतो. परंतु या साऱ्या पिढ्यांत 'ऑर' जनुक तेवढे हरवता कामा नये. चाळणीतून कोंडा जावा आणि दाणा राहावा, तसे हे काम आहे.

येथेच खरी अडचण येते. प्रत्येक संकरानंतर संततीतील सुमारे निम्म्या रोपांतच 'ऑर' जनुक उतरते. समजा, गादीवाफ्यावर दोनशे रोपे आहेत. त्यांतली शंभर कामाची आणि शंभर बिनकामाची. परंतु सर्वांची पाने एकसारखीच हिरवी! गड्डा धरेपर्यंत दोन-तीन महिने सर्वांना पाणी घालावयाचे, खत द्यावयाचे, किडीपासून राखावयाचे. शिवाय गड्ड्याच्या रंगावरून जनुक आहे, एवढेच कळते. परक्या वाणाचे इतर गुण त्या झाडात किती राहिले आहेत, हे रंगावरून समजत नाही.

या ठिकाणी जनुकीय खुणा मदतीस येतात. रस्त्याने जाताना मैलाचा दगड दिसला, की गाव किती दूर आहे ते समजते. दगड म्हणजे गाव नव्हे. पण तो आपली जागा सोडत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. त्याचप्रमाणे डीएनएच्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी अशा काही जागा असतात, की ज्या दोन वाणांत निरनिराळ्या दिसतात. अशी जागा 'ऑर' जनुकाच्या अगदी लगत असली, किंवा त्या जनुकातच असली, तर ती त्याची खूण होते. खूण सापडली, की जनुकही तेथे आहे असे समजावयाचे.

ही खूण वाचण्याची रीत अशी आहे. रोप लहान असतानाच त्याच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतात. रोपाला त्याने काही इजा होत नाही. तो तुकडा कुटून त्यातील डीएनए वेगळा करतात. त्यातील खुणेपुरता भाग यंत्रात घालून त्याच्या लाखो नकला तयार करतात. नकला करण्याची ही युक्ती १९८३ साली कॅरी म्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञास सुचली आणि तिच्यासाठी १९९३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. मग त्या नकला खिरीवरच्या सायीसारख्या मऊ आणि पारदर्शक अशा पातळ वडीच्या एका टोकास ठेवून वडीतून विजेचा प्रवाह सोडतात. जत्रेच्या गर्दीतून लहान मूल चटकन पुढे सरकते आणि धिप्पाड माणूस मागे राहतो; तसेच डीएनएचे आखूड तुकडे पुढे जातात व लांब तुकडे मागे राहतात. विशिष्ट प्रकाशात पाहिले, की वडीवर चमकणाऱ्या रेघा दिसतात. ज्या जागी पांढऱ्या वाणाची रेघ येते, त्या जागी केशरी वाणाची येत नाही. दोन्ही रेघा दिसल्या, तर रोपात 'ऑर' जनुक एकाच बाजूने आले आहे. केवळ केशरीची रेघ दिसली, तर ते दोन्ही बाजूंनी आले आहे. जो भेद समजण्यास पूर्वी महिनेच्या महिने लागत, तो आता रोप गादीवाफ्यावर असतानाच समजतो. बिनकामाची रोपे तेथेच बाजूस काढता येतात.

शिवाय एकाच खुणेवर थांबण्याचे कारण नाही. इतर गुणसूत्रांवरील खुणाही वाचता येतात आणि कोणत्या रोपात भारतीय वाणाचा वाटा सर्वांत अधिक उतरला आहे, हे पाहता येते. अशीच रोपे पुढील संकरासाठी निवडली, तर चार-पाच पिढ्यांचे काम दोन-तीन पिढ्यांत होऊ शकते. फुलकोबीचे बी मिळण्यास एक हंगाम लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कित्येक वर्षे वाचली, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढे असूनही शेताला पर्याय नाही. खूण केवळ जनुक आहे किंवा नाही, एवढेच सांगते. गड्डा घट्ट धरला का, झाड जोमदार आहे का, रोगास बळी पडते का, हे उन्हात, वाऱ्यात आणि मातीतच पाहावे लागते. 'ऑर' जनुकाच्या अंगी गड्डा लहान करण्याची खोड आहे, म्हणून तर ही पाहणी अधिकच दक्षतेने करणे आवश्यक होते. प्रयोगशाळेतील डोळा आणि शेतातील डोळा, असे दोन्ही डोळे या कामी लागतात.

या परिश्रमांस २०१५ साली फळ आले. संस्थेने 'पूसा बीटा केसरी १' या नावाचे वाण प्रसारित केले. बीटा कॅरोटीनने समृद्ध असे हे भारतातील पहिले फुलकोबीचे वाण होय. त्याची शिफारस दिल्ली परिसरासाठी करण्यात आली. त्याच्या एक किलो गड्ड्यात ८ ते १० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते आणि हेक्टरी ४० ते ५० टन उत्पन्न निघते. या फुलकोबीत दुसऱ्या कोणत्याही जातीच्या जीवाचे जनुक घातलेले नाही. फुलकोबीचा फुलकोबीशी संकर करूनच ती तयार झाली आहे. खुणा वापरल्या त्या केवळ निवड करण्यासाठी.

मग काय, एवढ्याने रातांधळेपणा नाहीसा होईल? शास्त्रात भावनेपेक्षा हिशेबाला महत्त्व असते. तो करून पाहू. १०० ग्रॅम केशरी फुलकोबीत ८०० ते १,००० मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असते. अन्नातील सुमारे १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनपासून शरीरास १ मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिळते. म्हणजे १०० ग्रॅम भाजीतून ६५ ते ८५ मायक्रोग्रॅमच्या आसपास 'अ' जीवनसत्त्व मिळाले. अकरा-बारा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे ६०० मायक्रोग्रॅम लागते. तेव्हा ही भाजी त्या गरजेचा सुमारे आठवा हिस्सा पुरवते. केशरी गाजरात तर याच्या कितीतरी पट बीटा कॅरोटीन असते. शेवग्याचा पाला, माठ, पालक या आपल्या परसातल्या पालेभाज्याही या बाबतीत मुळीच दुबळ्या नाहीत.

असे असता केशरी फुलकोबीचा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर माणसाच्या सवयीत आहे. माणसाला नवे अन्न खावयास लावणे कठीण असते; पण रोज जे तो आवडीने खातो, त्यातच पोषण घातले, तर ते आपोआप पोटात जाते. पालेभाजी पाहून नाक मुरडणारे मूल फुलकोबीची भाजी आनंदाने खाते. पांढऱ्या गड्ड्यातून त्याला जवळजवळ शून्य मिळत होते. तेथे आठवा हिस्सा मिळू लागला, तर तो लाभच होय. उरलेली गरज गाजराने, भोपळ्याने, आंब्याने आणि पालेभाजीने भागवावयाची. बीटा कॅरोटीन तेलातुपात विरघळते. म्हणून अशा भाजीला थोड्या तेलाची फोडणी दिली, तर ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते. घरोघरच्या स्वयंपाकिणी शास्त्र न शिकताही नेमके हेच करीत आल्या आहेत.

तरीही एक प्रश्न उरतोच. पिवळी झाक दिसताच गड्डा परत ठेवणारे गिऱ्हाईक केशरी गड्डा घेईल काय? शास्त्रज्ञाने जनुक आणले, शेतकऱ्याने पीक काढले. पण घेणाऱ्याने पाठ फिरवली, तर सारे श्रम वाया जातील. ही अडचण कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणारी नाही. रंगामागे काय आहे, हे लोकांना समजेल, तेव्हाच ती सुटेल. गाजर केशरी असल्याबद्दल त्यास कोणी नावे ठेवीत नाही. कारण त्या रंगाची सर्वांना सवय झाली आहे. फुलकोबीच्या केशरी रंगाचीही तशीच सवय व्हावयास हवी. ती लावण्याचे काम पुष्कळ अंशी मुलेच करू शकतात. बाजारात आईचे किंवा आजीचे बोट धरून जाणारे मूल जर म्हणाले, "हा गड्डा शिळा नाही, हा रंग डोळ्यांच्या फायद्याचा आहे," तर त्या एका वाक्याने जे होईल, ते मोठमोठ्या जाहिरातींनीही होणार नाही.

केशरी रंगानंतर इतर रंगांकडेही शास्त्रज्ञांचे लक्ष गेले आहे. जांभळ्या फुलकोबीस तिचा रंग कोणत्या जनुकामुळे येतो, हे २०१० साली समजले. गाजराच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या रंगांचेही रहस्य उलगडू लागले. जसजशा नव्या खुणा हाती येतील, तसतशी रंगाने आणि पोषणाने समृद्ध अशी वाणे तयार करणे सोपे होईल.

परंतु या साऱ्या प्रगतीचा आरंभ कोठे झाला, हे विसरून चालणार नाही. तो झाला एका शेतात, हजारो सारख्या झाडांमधील एका वेगळ्या झाडापाशी. ते लहान होते, बेचव होते आणि बाजाराच्या दृष्टीने टाकाऊ होते. ते उपटून टाकणे अगदी सोपे होते. निसर्ग असे वेगळे काहीतरी अधूनमधून माणसापुढे ठेवीत असतो. त्याला नावे ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून 'हे असे का?' असे विचारणारा डोळा मात्र जागा असावा लागतो.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शेतकरी फुलकोबीच्या गड्ड्यावर पाने का बांधतो?
(आ) दिल्लीच्या संस्थेच्या वाणांच्या नावाआधी 'पूसा' हा शब्द का लावतात?
(इ) 'ऑर' जनुक गड्ड्याच्या पेशींत कोणता बदल घडवून आणते?

२. कारणे द्या.
(अ) परदेशी केशरी फुलकोबीचे बी भारतात नुसते पेरून भागले नसते.
(आ) जनुकीय खुणा वापरूनही शेतातील पाहणी टाळता येत नाही.

३. जनुकीय खुणेस मैलाच्या दगडाची उपमा का दिली आहे, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. उलट संकराच्या सहाव्या पिढीत परक्या वाणाचा वाटा किती उरेल, ते पाठातील क्रम पुढे चालवून काढा.

५. आपल्या घरी आठवडाभरात आलेल्या भाज्यांची त्यांच्या रंगांप्रमाणे यादी करा. कोणत्या रंगाच्या भाज्या कमी आल्या, ते घरच्या मंडळींना सांगा.